गाडी अजून बरी नाही

अदवा इंडियाला गेली तेव्हा तिची मोटरसायकल आमच्या इमारतीच्या खांबांखाली उभी राहिली. जपानी बनावटीची, अडीचशे सीसीची, आधी दोन मालकांच्या हाताखालून गेलेली. लष्करातून सुटल्यावर तिने ती घेतली आणि जेमतेम एक उन्हाळा फिरवली. जाताना आईला सांगून गेली की आठवड्यातून एकदा चालू करत जा, नाहीतर बसेल. हे तिने हिब्रूत सांगितलं. घरात ती सगळंच हिब्रूत बोलायची. आई मराठीत विचारायची, लेक हिब्रूत उत्तर द्यायची आणि दोघींना त्यात वावगं वाटत नसे. कोकणातून इस्रायलला आलेल्या आम्हा सगळ्याच ज्यूंच्या घरी तसं होतं.

तिची आई बेला अष्टमकर माझ्या वरच्या मजल्यावर राहते. ठाण्याची. बी.एस्सी. झाली आणि अडुसष्ट साली आईबापांबरोबर इथे इस्रायलमध्ये, बेर्शेबाला आली. इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करण्यात तिची सगळी नोकरी गेली. नवरा हाइम नगरपालिकेच्या पाणी खात्यात. कमी बोलणारा, संध्याकाळी रेडिओ लावून बसणारा माणूस. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर अदवा झाली, आणि ती एकटीच. त्यामुळे पोरगी पाठीवर पिशवी टाकून निघाली तेव्हा बेलाने तिला अडवलं नाही, पण महिनाभर जिन्यात भेटली की तिच्या हातात कुठल्या ना कुठल्या वस्तूचं बोचकं असायचं. कपाटं आवरतेय म्हणायची. इतकी कपाटं त्यांच्या घरात नव्हती.

ही सत्त्याण्णवची गोष्ट. लष्करातून सुटलेली सगळीच पोरं तेव्हा इंडियाला जायची. हिमाचलात डोंगर, गोव्यात समुद्र, आणि सहा महिन्यांत दाढ्या वाढवून परत. बेलाने लेकीकडे एकच मागितलं होतं. एकदा रेवदंड्याला जाऊन ये. माझ्या आईचं गाव आहे, दोन दिवस काढ, सिनेगॉगमध्ये दिवा लाव आणि मग कुठे हवं तिथे जा. अदवा हो म्हणाली, पण आईच्या समाधानासाठी म्हणतात तसं. दिल्लीत तिने एक जुनी बुलेट घेतली होती. ती चालवत ती दक्षिणेकडे उतरली. रेवदंड्याला गेली, दिवा लावला आणि परतताना अलिबागच्या अलीकडे बुलेट बंद पडली. ढकलत गॅरेजला नेली. सुटा भाग मुंबईहून यायचा होता, म्हणून चार दिवस राहायला खोली घेतली. भाग आला, बुलेट नीट झाली, पण अदवा तिथून हलली नाही. रोज गॅरेजात जाऊन बसायची. आधी बघायची, मग गॅरेजवाल्याच्या हातात पाने द्यायला लागली, मग तिच्याच हातात पाने आले.

शुक्रवारी दुपारी, शाब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा स्वयंपाक उरकता उरकता, बेला अलिबागच्या एसटीडी बूथचा नंबर फिरवायची. बूथवाला फोन उचलायचा आणि म्हणायचा, "थांबा हां, ताई आल्यात, देतो." बेला मला सांगायची की त्या 'थांबा हां'साठीच मी ठरल्या वेळेच्या जरा आधी फोन करते. मागे एसटी रिव्हर्स घेतानाची शिट्टी ऐकू यायची, कुणीतरी कुणालातरी हाक मारायचं, एखादी बाई मासळीच्या भावावरून वाद घालायची. तेवढ्यात अदवा यायची आणि हिब्रूत विचारायची, "मा निश्मा, इमा?" म्हणजे कशी आहेस, आई. बेला म्हणायची, बरी आहे. तू? बेसेदेर, सगळं ठीक. जेवतेस ना? जेवते. अब्बा? अब्बा बरे आहेत. मग दोघींकडचं संपायचं. फोन ठेवल्यावर हाइम विचारायचा, काय म्हणाली? बेला म्हणायची, ठीक आहे म्हणाली. आणि ओट्याकडे वळायची.

त्या वसंतात वाळवंटाकडून धुळीचा वारा सुटला. तीन दिवस आकाश पिवळं. खिडक्या बंद करूनही ताटात वाळू यायची. वारा पडल्यावर बेला खाली गेली तर अदवाची मोटरसायकल ओळखू येईना. तिने ती पुसली, किक मारली, गाडी चालू झाली. खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. पण तिच्या मनात आलं की बाहेर एवढी धूळ, तर आत किती असेल. सीटखाली इंग्रजी मॅन्युअल होतं. ते वाचून तिने ठरवलं की आपणच सर्व्हिस करायची.

हाइम म्हणाला, मेकॅनिकला दे. ती म्हणाली, "अहो, मी तीस वर्षं रक्त तपासतेय. मला फिल्टर धुता येणार नाही?"

आणि तिने केलं सगळं नीट, तिच्या पद्धतीने. खाली जुनी चादर अंथरली, स्क्रू काढले त्या क्रमाने वाटीत ठेवले. तेल बदललं. प्लग घासला. टाकी काढून बाजूला ठेवली, कार्बोरेटर उघडून पुसला. हवेचा फिल्टर स्पंजचा होता, तो साबणाने धुतला, वाळवला आणि तेलात बुडवला. मॅन्युअलात लिहिलं होतं की बुडवून पिळावा. तिने हलकाच पिळला. एवढी धूळ येते, तेल थोडं जास्त असलेलं बरं, असा तिचा हिशेब. मग सगळं पुन्हा जोडलं. एकही स्क्रू उरला नाही, याचा तिला फार आनंद झाला.

किक मारली तर गाडी खोकली. पुष्कळ वेळाने चालू झाली ती काळा धूर सोडत, आणि अॅक्सिलरेटर दिला की मान टाकायची. इमारतीमागच्या मोकळ्या मैदानात बेला ती चालवून बघायची. अदवानेच तिला तिथे शिकवली होती, रस्त्यावर न्यायचं लायसन तिच्याकडे नव्हतं. त्या दिवशी ती मैदानाच्या टोकापर्यंत गेली आणि ढकलत परत आली. मी वरून पाहत होते. चेहरा असा, जसं काही तिच्या हातून पेशंट गेला.

त्या शुक्रवारी तिने बूथवर फोन लावला आणि लेकीला झालेलं सांगून टाकलं. तुझी चांगली गाडी मी बिघडवली. अदवा हसली नाही. तिने हिब्रूत विचारायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडली. तिच्या लक्षात आलं की इंजिनाचं जे काही ती शिकली होती ते सगळं अलिबागच्या गॅरेजात शिकली होती, आणि त्याचे शब्द तिच्याकडे मराठीतच होते. मग तिने मराठीतच विचारलं, "मिसिंग मारते का?"

बेलाला कळलं नाही. "म्हणजे काय गं?"

"म्हणजे फट फट फट करते आणि मधला एक फट खाते."

"खाते," बेला म्हणाली. "दोन दोन खाते."

"आणि पिकअप घेत नाही?"

"अजिबात नाही."

"प्लग काढून बघ. काळा आहे का ते सांग."

मराठी मोडकी होती. बाईला तो आणि गाडीला ते, काहीही लागायचं. आणि बेलाच्या ठाण्याच्या मराठीत हे शब्दच नव्हते. ती ठाणं सोडून इथे आली तेव्हा तिच्या ओळखीत कुणाची गाडी 'मिसिंग' मारत नव्हती. पण आपली मुलगी आपल्या भाषेत आपल्याला काहीतरी विचारते आहे, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. संध्याकाळी मेणबत्त्या लावल्यावर ती माझ्याकडे आली आणि तिने मला सगळं संभाषण दोनदा सांगितलं.

प्लग काजळीने काळा निघाला. पुढच्या शुक्रवारी अदवाने निदान केलं की फिल्टरमध्ये तेल जास्त झालंय, हवा आत जात नाही, म्हणून पेट्रोल पूर्ण जळत नाही. बेलाने स्पंज काढून जुन्या टॉवेलात दाबून दाबून पिळला. धूर गेला. गाडी पहिल्या किकला चालू झाली, आणि मैदानात दोन फेऱ्या मारल्या की आचके देत बंद पडली. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा चालू. पुन्हा दोन फेऱ्या, पुन्हा बंद.

हे ऐकल्यावर अदवाने गॅरेजवाल्याला विचारून येते म्हणून सांगितलं आणि रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवून रस्ता ओलांडून गेली. बेला तोपर्यंत ऐकत राहिली. कुणीतरी बूथवाल्याला सुट्टे मागितले. बाहेर एक बाई ओरडली, ताजे बांगडे. बेला बेर्शेबातल्या आपल्या ओट्यापाशी डोळे मिटून उभी होती. हाइम आत येऊन बाहेर गेला तरी तिला कळलं नाही.

अदवा धापा टाकत परत आली. "गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघड. सुस्स आवाज आला तर टाकीत हवा जात नाही. पेट्रोल खाली उतरत नाही मग."

बुधवारी लॅबमधून आल्यावर बेला मैदानात गेली. गाडी बंद पडली. तिने झाकण उघडलं आणि टाकीने लांब श्वास घेतला. मग ती गाडी खांबांखाली नेऊन तिने सीट काढली, टाकी सैल करून उचलली. टाकीची हवेची बारीक रबरी नळी, तिनेच टाकी परत बसवताना खाली दुमडली होती, चपटी झालेली. तिने ती मोकळी केली, बोटांनी चोळून गोल केली आणि जागेवर बसवली. मग मैदानात फेऱ्या मारत राहिली. केस उडत होते, ओढणी मानेभोवती गुंडाळलेली, आणि पोरं फुटबॉल थांबवून बघत होती. त्या दिवशी तिचं वय मला कुणी विचारलं असतं तर मी चुकीचं सांगितलं असतं.

शुक्रवारी सांगायचं वाक्य तिने तयार ठेवलं होतं. झाली बघ नीट, नळी होती. बूथवाला म्हणाला थांबा हां, आणि मग अदवाचा आवाज आला.

"आई, गाडी कशी आहे?"

इमा नाही. आई. घरात बावीस वर्षं तिने हा शब्द आपल्या तोंडून कधी काढला नव्हता. बेलाने तयार ठेवलेलं वाक्य गिळलं.

"अजून बरी नाही गं," ती म्हणाली.

त्यानंतर पूर्ण उन्हाळा ती गाडी आजारी राहिली. बेला दर सोमवारी खाली जाऊन तिला पुसायची, चालू करायची, दोन फेऱ्या मारायची, आणि शुक्रवारी तिचा नवा विकार सांगायची. थंड असताना चालते, तापली की अडते. चढावर दम खाते. नुसती उभी असताना आयडलिंग वरखाली होतं. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर बिघाडांची माहिती होती, तिथून ती एकेक घ्यायची. अदवा मनापासून उत्तरं द्यायची. आणि उत्तरांच्या आजूबाजूला इतर गोष्टी यायला लागल्या. गॅरेजवाल्याच्या बायकोने तिला तांदळाची भाकरी शिकवली. ओहोटीला ती चालत किल्ल्यापर्यंत गेली. रेवदंड्याला आजीच्या घराच्या जागी आता कुणाची तरी नारळाची वाडी आहे, पण विहीर तीच आहे, असं म्हातारे लोक म्हणतात. बेला मग त्या विहिरीचं सांगायची. लहानपणी मे महिन्यात ती लाँचने रेवसला उतरायची, तिथून पुढे एसटी, मग टांगा, आणि पोचल्या पोचल्या पहिलं काम म्हणजे त्या विहिरीचं पाणी पायांवर. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. इथे कुणी विचारलंच नव्हतं.

हाइमला सगळं कळत होतं. तो खिडकीतून तिला फेऱ्या मारताना बघायचा आणि शुक्रवारी शेजारच्या खोलीतून ऐकायचा. एकदाच म्हणाला, "अगं, त्या गरीब गाडीला किती रोग लावशील?" बेला मॅन्युअलचं पान उलटत राहिली, आणि त्याने पुन्हा विषय काढला नाही.

पण अदवाला काळजी वाटायला लागली. एवढं सगळं करून गाडी नीट होत नाही म्हणजे इंजिनच गेलं असणार. लष्करात तिच्याबरोबर यिगाल नावाचा मुलगा होता, तो आता जवळच्या नेतिवोत गावात मोटर गॅरेजात कामाला होता. तिने त्याला फोन करून सांगितलं की जाऊन बघून ये. आईला कळवलं नाही, आई नको म्हणेल म्हणून.

यिगाल एका संध्याकाळी पेटी घेऊन दारात उभा राहिला. बेला त्याला नाही म्हणू शकली नाही. त्याने खाली जाऊन गाडी चालू केली, कान लावला, रस्त्यावर काढली आणि बराच वेळ दिसेनासा झाला. परत आला तोवर बेलाने चहा करून ठेवला होता. तो बसला, करंजी खाल्ली आणि हिब्रूत म्हणाला की गाडीला काहीही झालेलं नाही, याहून चांगली अवस्था मी एवढ्या जुन्या गाडीची पाहिलेली नाही. बेला म्हणाली, मला माहीत आहे. पोरगा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हळूच विचारलं की अदवाला काय सांगू.

"पाहिलंस ते सांग," बेला म्हणाली. खोटं बोलायला ती दुसऱ्याला सांगू शकत नव्हती.

त्या शुक्रवारी तिने फोन केला नाही. मटण शिजलं, भात झाला, ओटा पुसून झाला. हाइम अंघोळ करून पांढरा शर्ट घालून आला आणि टेबलापाशी बसला. आणि फोन वाजला. पलीकडून कधी येत नसे.

"यिगालने सांगितलं," अदवा म्हणाली. "गाडीला काही झालं नाही."

"नाही झालं."

"कधीपासून?"

"तू झाकण उघडायला सांगितलंस ना, तेव्हापासून."

मागे एसटी सुटल्याचा आवाज आला. "मग खोटं का बोललीस, आई?"

बेलाने टेबलावरच्या मीठदाणीला हात लावला, ती सरळ केली. "नीट झाली म्हणाले असते, तर तू मा निश्मा विचारलं असतंस आणि मी बेसेदेर म्हणाले असते. मग काय राहिलं असतं?"

बूथमधल्या मीटरचा लाल आकडा तिच्यासमोर सरकत असणार. मग अदवा म्हणाली, "मी पण एक सांगितलं नाही. मी नव्या वर्षाच्या सणाला येत नाहीये. मला अजून राहायचंय."

बेलाला हे कुठेतरी माहीत होतं. ती स्वतः तिकडूनच आलेली, तिची आई तिथली. मुलगी राहते म्हटल्यावर नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं.

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "जेवलीस का?"

"जेवले. बांगडे होते."

"कसे केले?"

आणि अदवाने सांगितलं. चिंच किती, खोबरं किती, त्रिफळं घातली की नाही. मला बेलाने सांगितलं की त्या दिवशी दोघी सगळ्यांत जास्त वेळ बोलल्या आणि गाडीचं नाव पुन्हा निघालं नाही. त्यानंतरही निघालं नाही. पण शुक्रवार चुकला नाही. दीड वर्ष आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून अलिबागला मराठी जात होती आणि तिथून येत होती, दिवसेंदिवस जरा कमी मोडकी होत.

नव्व्याण्णवच्या वसंतात अदवा परत आली. बुलेट विकली म्हणाली, मन भरलं म्हणाली, अधिक काही सांगितलं नाही. बेलानेही विचारलं नाही. पहिले काही आठवडे आम्हाला मजाच वाटायची. ही पोरगी जिन्यात भेटली की गॅरेजातल्या मराठीत आमची विचारपूस करायची. आमच्या म्हाताऱ्यांच्या प्रार्थनेनंतरच्या गप्पांत येऊन बसायची आणि लिफ्टला खटारा म्हणायची. हाइम इतका हसलेला मी कधी पाहिला नव्हता. स्वयंपाकघरात दोघी मायलेकी सकाळपासून बोलत असायच्या, वरून आवाज यायचा.

मग तिला दक्षिणेला वाळवंटातल्या मित्स्पे रामोन गावात काम लागलं. तिथल्या प्रचंड विवराच्या काठावर पर्यटक यायचे, त्यांना जीपमधून खाली नेऊन दाखवायचं. निघायच्या दिवशी ती खाली आली, मोटरसायकलवरची चादर काढली आणि किक मारली. गाडी पहिल्याच किकला चालू झाली. अदवाने इंजिनाकडे पाहिलं, मग आईकडे. तिने आईचा हात धरून आपल्या गालाला लावला आणि निघाली. बेला रस्त्याच्या कडेला आवाज विरेपर्यंत उभी होती.

मित्स्पे रामोन काही लांब नाही. मनात आलं तर सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. अदवा महिन्यातून दोनदा तरी येते, शनिवार घरी काढते. शुक्रवारी फोन करते, आता मोबाइलवरून. पण दिवसभर हिब्रूत काम, मित्र हिब्रूतले, नंतर शाय नावाचा एक मुलगा आला तोही हिब्रूतला. मराठी कुणी काढून घेतली नाही, ती आपोआप कमी होत गेली. आधी दोन वाक्यं, मग एखादा शब्द. हिवाळ्यापर्यंत फोन पुन्हा 'मा निश्मा, इमा'वर आला.

बेलाने तक्रार केली नाही. मुलगी जवळ आली, कामाला लागली, हसते आहे, तक्रार कसली करायची. एकदाच, आम्ही दोघी बाजारातून पिशव्या घेऊन येत होतो तेव्हा चढावर थांबून म्हणाली, "इथे माझी अदवा आहे, मान्य. पण ती अलिबागची पोरगी कुठे गेली ते कुणाला विचारू?" मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. माझी दोन्ही मुलं तर कधीच अलिबागला गेली नाहीत.

परवाच्या शुक्रवारी मी वर गेले होते तेव्हा फोन आला. बेलाने मला बसण्याची खूण केली. अदवा सकाळचं सांगत होती. पर्यटकांना घेऊन काठावर गेली तर खाली विवर दिसेचना, सगळं भरून गेलेलं. बेला म्हणाली, मराठीत सांग ना गं. पलीकडे हसण्याचा आवाज आला. मग शोधत शोधत, एकेक शब्द ठेवत अदवा म्हणाली, "सकाळी आम्ही गेलो, आणि खाली सगळीकडे… ते काय म्हणतात… पांढरं…"

"धुकं," बेला म्हणाली.

"हां, धुकं," अदवा म्हणाली, आणि पुढचं हिब्रूत सांगत गेली. बेलाने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. संपेपर्यंत ती ऐकत राहिली.